दिवालगिऱ्यांची जोडी

भटू बांधावरून पळत येताना दिसला, तेव्हा पितांबर भारंबे ट्रकमध्ये उभा राहून केळीचे घड रचून घेत होता. घडांचा एक थर लागला की वर केळीची पाने नीट अंथरावी लागतात, नाहीतर माल काळा पडतो. हे काम त्याच्या धाकट्या भावाला, जीवरामला, कधी धड जमले नाही. म्हणून कापणीच्या वेळी पितांबर धुळ्याहून रावेरला येत असे. भटू हा जीवरामचा मुलगा, लग्न झालेला, अंगाने भरलेला. पळायची त्याला सवय नव्हती.

"आबा," भटू ट्रकपाशी येऊन म्हणाला आणि थांबला. मग म्हणाला, "धुळ्याहून फोन आला व्हता पतपेढीत. मोठी माय पडली स्टुलावरून. दवाखान्यात नेलं म्हने."

"लागलं का फार?"

भटूने ट्रकच्या चाकाकडे बघितले. "तुम्ही चाला आबा."

पितांबरने हातातले पान आधी नीट अंथरले. मग तो खाली उतरला.

जीवराम सोबत निघाला. रावेरहून भुसावळ, भुसावळहून जळगाव. गाडीत पितांबरच्या डोक्यात बायकोचा हात मोडला असेल की पाय, मोडला असेल तर प्लास्टर किती दिवस ठेवतात, तोवर स्वयंपाकाचे काय, हेच चालले होते. जळगावच्या स्टँडवर धुळ्याची गाडी लागलेली नव्हती. चहाच्या टपरीसमोर दोघे उभे होते आणि जीवरामने चहा घेतला नाही. जळगावच्या स्टँडवर चहा घेतल्याशिवाय जीवराम आजवर पुढच्या गाडीत बसलेला नव्हता. त्यावरून पितांबर त्याची अनेकदा चेष्टा करायचा. पितांबरने त्याच्याकडे पाहिले. जीवराम गाड्यांच्या पाट्या वाचत होता.

पितांबरला तिथेच कळले.

ही एक्क्याण्णव सालची, दिवाळीच्या आधीची गोष्ट.

पितांबर पाटबंधारे खात्यात कालवा निरीक्षक होता. पाणी किती सुटले, कुठवर पोचले, कुठे झिरपले, हे बघण्यात त्याची नोकरी गेली. निवृत्त झाल्यावर त्याने धुळ्यातल्या देवपुरात दोन खोल्या आणि स्वयंपाकघर असे घर बांधले. मूलबाळ नव्हते. बायको लताबाई आणि तो. शहाबादी फरशी, पांढरा चुना, भिंतीला खुंट्या. त्या घरात न शोभणारी एकच वस्तू होती, ती म्हणजे पुढच्या खोलीतल्या दिवालगिऱ्या, भिंतीवरच्या दिव्यांची जोडी.

लताबाई पापड-कुरडया करून देत असे. पांझरा नदीच्या पलीकडे, जुन्या धुळ्यात, चार नंबरच्या गल्लीतली मारवाडी घरे तिची गिऱ्हाइके होती. त्यातल्या लखीचंद शेटजींचे घर पाडून तिथे दुकानांची इमारत उठायची होती. सामान निघाले तेव्हा शेटजींची आई भंवरीबाई हिने ही जोडी लताबाईला दिली. भंवरीबाईच्या सासऱ्याने ती कलकत्त्याहून आणली होती. पितळेच्या वेली, त्यांना सोन्याचा मुलामा, प्रत्येक वेलीला मेणबत्तीच्या दोन वाट्या आणि वाट्यांखाली बिलोरी काचेचे लोलक. संध्याकाळी खिडकीतून ऊन आले की समोरच्या भिंतीवर रंगांचे ठिपके पडत.

"दादा, या दिव्यांना शोभेल असं घर कधी बांधता?" जीवराम आला की विचारायचा.

"तुझ्या केळीला भाव आला की," लताबाई आतून उत्तर द्यायची.

जोडी देताना भंवरीबाईने तिला एक रीत सांगितली होती. ज्या हाताने लोलक उतरवले, त्याच हाताने चढवायचे. पितांबरला ती रीत पटली होती, कारण तिच्यात अर्थ होता. लोलक दिसायला सारखे, पण प्रत्येकाची लांबी थोडी वेगळी आणि प्रत्येकाची तार वेगळी वाकलेली. एकाच्या जागी दुसरा गेला की सगळी ओळ तिरकी होते आणि लोलक एकमेकांवर आपटतात. कुठला कुठून काढला हे काढणाऱ्यालाच माहीत.

दरवर्षी दिवाळीच्या आधी लताबाई ते धूत असे. दुपारची जेवणे झाली की परातीत रिठ्याचे पाणी करायचे. स्टुलावर चढून एका दिवालगिरीचे लोलक उतरवायचे, धुवायचे आणि पांढऱ्या धडप्यावर ओळीने मांडायचे. ते चढवून झाले की मग दुसरी. स्टूल सागाचे होते, त्याचा एक पाय जरा आखूड. त्या पायाला तिने जुन्या लुगड्याची चिंधी बांधली होती, तरी ते डुगडुगायचे. म्हणून पितांबर खाली बसून दोन्ही हातांनी स्टूल धरायचा. ती वर बघत हात मागे खाली करायची आणि म्हणायची, "द्या." तो एक लोलक तिच्या हातात द्यायचा.

"हा नाही, ह्याच्या आधीचा."

न बघता तिला कळायचे. काम संपेपर्यंत तिचे पाय सुजून यायचे. खाली उतरली की कॉटवर बसून म्हणायची, "आता दोन दिवस मला उठ म्हणू नका."

त्या वर्षी कापणी लवकर आली. "मी रविवारी येतो, मग काढू," असे सांगून पितांबर रावेरला गेला होता. ती 'हो' म्हणाली होती.

तो घरी पोचला तेव्हा उजवीकडची दिवालगिरी लखलखत होती. डावीकडची नुसती पितळी वेल भिंतीवर होती. खाली स्टूल आडवे पडलेले होते.

सगळे रीतीप्रमाणे झाले. रावेरहून जीवरामची बायको बेबाबाई आली. तिने सगळ्या कामाचा ताबा घेतला. घरातले भरलेले पाणी ओतून दिले, फरशी धुवायला लावली. धडप्यावर लताबाईने ओळीने मांडून ठेवलेले लोलक त्या गडबडीत कोणीतरी गोळा करून परातीत टाकले आणि परात कॉटखाली सरकवली. पितांबरने ते पाहिले. तेव्हा त्याला काही वाटले नाही.

जीव दवाखान्यात गेला, मग घरात दिवा कुठे लावायचा? बेबाबाई म्हणाली, पडल्या तठी लावा. म्हणून डावीकडच्या दिवालगिरीखाली, फरशीवर, पणती लागली. दहाव्याच्या आदल्या संध्याकाळी पणतीभोवती ज्वारीचे पीठ पसरले आणि वर बांबूचे मोठे डाले पालथे घातले. गेलेला जीव कोणत्या जन्माला गेला, त्याचे पाऊल सकाळी पिठात उमटते, असे म्हणतात. पितांबर असल्या गोष्टी मानत नव्हता. पण नाहीही म्हणाला नाही.

सकाळी बायका जमल्या. बेबाबाईने डाले उचलले.

पिठात चार ठसे होते. पणतीच्या चारी अंगांना, सारख्या अंतरावर. खालची काळी फरशी चौकोनी दिसत होती.

"चार पाय!" बेबाबाईने हात जोडले. "गाईच्या जल्माले गेल्या बाई. पुण्यवान."

शेजारची भिकुबाई वाकून बघत होती. ती धुळ्याकडचीच, अहिराणी बोलणारी, आणि तिच्या तोंडाला कुठलाही प्रसंग आवर घालत नसे. "इतलासा डालामा गाय मावनी कशी माय?"

"वासरू असंल."

"मंग खूर कथा शेत? हाई ते चौकोनी शे."

पितांबर मागून बघत होता. चारातले तीन ठसे स्वच्छ, कोरीव होते. चौथा जरा पसरट होता आणि त्याच्या कडेला कापडाच्या विणीची नक्षी उठली होती. चिंधीची.

स्टूल स्वयंपाकघरात, दाराआड उभे होते. त्याने नंतर जाऊन त्याचे पाय बघितले. पायांना पीठ नव्हते.

पांझरेवर जायची वेळ झाली होती.

नदीच्या काठावर पिंड ठेवला. कावळे समोरच्या बाभळीवर बसलेले होते, पण एकही खाली येईना. ऊन चढू लागले. जीवराम पुढे झाला, म्हणाला, "वयनी, दादाले आम्ही पाहू. काळजी करू नका." कावळे हलले नाहीत. बेबाबाई म्हणाली, दिवाळीले भिकुबाईच्या लेकीला साडी घेऊ. तुळशीले पाणी घालू. माहेरच्यांना विसरणार नाही. कावळे हलले नाहीत. गुरुजी घड्याळ बघू लागले आणि त्यांनी दर्भाचा कावळा करायला घेतला. सगळे पितांबरकडे बघत होते.

त्याला लाज वाटत होती. एवढ्या माणसांत असले काय बोलायचे. तो पिंडाजवळ गेला आणि पुटपुटला, "राहिलेले लोलक मी लावीन."

तो अजून वाकलेलाच होता. कावळा त्याच्या हाताजवळ उतरला.

तेरावे झाले, माणसे गेली. दिवाळी आली तशी गेली. पितांबर सकाळी दूध आणायचा, भात टाकायचा, दुपारी पडायचा, संध्याकाळी नदीच्या पुलापर्यंत जाऊन यायचा. परात कॉटखाली होती. उद्या लावू, असे तो म्हणायचा. तशी त्याला सवयच होती. नळाची गळती, खिडकीची कडी, सगळे तो उद्या करायचा आणि लताबाई वाट न बघता आज करायची.

शेवटी एका सकाळी त्याने स्टूल आणले, परात बाहेर ओढली आणि लोलक लावायला घेतले. सगळे एकात एक मिसळलेले. त्याने अंदाजाने एक ओळ लावली. ती तिरकी झाली. बदलून बघितली, तरी तिरकीच. त्याने सगळे परत काढले, परातीत ठेवले आणि वर धडपा टाकला. स्टूल मात्र तिथेच, दिवालगिरीखाली राहिले.

दुसऱ्या दिवशी तो पेन्शनच्या कामाने शहरात गेला. दुपार उलटून घरी आला, कुलूप काढले, पाणी प्यायला. तांब्या खाली ठेवताना त्याचे लक्ष गेले. डावीकडच्या दिवालगिरीच्या पहिल्या वाटीखाली काही लोलक लागलेले होते. ओळ सरळ होती. परातीवरचा धडपा बाजूला, घडी घालून ठेवलेला. परातीत पाणी होते आणि खोलीत रिठ्याचा वास.

पितांबर कॉटवर बसला. घरात शिरायला दुसरी वाट नव्हती. एक किल्ली त्याच्याकडे आणि एक भिकुबाईकडे. तो उठून तिच्या दारात गेला.

"मी कसाले हात लावसू भाऊ?" भिकुबाई गहू निवडत होती. "माले स्टूलवर चढनं का गरगरस. आनि किल्ली ते तुम्हीच मांगी लिधी ना परवा."

त्याला आठवले. घेतली होती. ती त्याच्याच खिशात होती.

"काय व्हयनं? काही चोरी गयं का?"

"नाही. काही गेलं नाही."

भिकुबाईने सूप खाली ठेवले. "भाऊ, वरन-भात तरी धड खातस ना तुम्ही? चेहरा देखा आरसामा."

नंतर तो बाहेर गेला की घरी आल्यावर थोडे लोलक वाढलेले असायचे. रोज नाही. कधी दोन दिवसांत काही नसे. त्याने खिडकीची कडी बसवली. दाराच्या फटीत काडी लावून बघितली. काडी तशीच सापडली, लोलक वाढलेले सापडले. कालव्यावर असताना पाणी कमी भरले की तो चालत जायचा आणि कुठे फुटले ते शोधून काढायचा. फुटलेले सापडत नाही असे कधी झाले नव्हते. इथे त्याला ते सापडेना.

तो लखीचंद शेटजींकडे गेला. ती मंडळी आता नव्या इमारतीच्या वरच्या मजल्यावर राहत होती. भंवरीबाई पलंगावर बसून माळ ओढत होती. लताबाईचे तिला कळले होते.

"तिच्यासारखे मुगाचे पापड आता कोण करणार?" ती म्हणाली. "बैठो. काय काम काढलं?"

"त्या दिवालगिरीचं. लोलक कुठला कुठं लावायचा, याची काही खूण असते का? लावताना ओळ तिरकी होते."

"खूण कसली? ज्यानं उतरवले त्यानंच चढवायचे. मी लताला सांगितलं होतं."

"तिनं उतरवले होते. मग ती पडली."

भंवरीबाईची माळ थांबली. "मग राहू द्या तसेच."

"राहत नाहीत," पितांबर म्हणाला. हे तो पहिल्यांदाच कोणाला सांगत होता आणि त्याला आपलाच आवाज परका वाटला. "चढताहेत. ओळ सरळ आहे."

भंवरीबाईने माळ उशाशी ठेवली. मग तिने सुनेला हाक मारली, "चंदन, भाऊंना चहा कर," आणि सून आत गेल्यावर हळू विचारले, "खाली स्टूल कोण धरतं?"

पितांबरने आपल्या दोन्ही हातांकडे पाहिले.

"ती एकटी चढली म्हणूनच पडली ना?" भंवरीबाई म्हणाली. "पुन्हा एकटीच चढतेय."

त्या दिवसापासून त्याने दुपारी बाहेर जायचे सोडले. जेवण झाले की तो मधल्या खोलीत पडायचा, दार उघडे ठेवून. डोळे मिटायचे, पण झोपायचे नाही. दोन-तीन दुपारी काही झाले नाही. रस्त्यावरून कुल्फीवाला जायचा, भिकुबाईचा रेडिओ लागायचा आणि बंद व्हायचा.

मग एका दुपारी वीज गेली. पंखा थांबत थांबत थांबला. आणि पुढच्या खोलीतून आवाज आला.

टक.

थोडा वेळ काही नाही. मग पुन्हा, टक. आखूड पायाचा आवाज. चिंधी असल्यामुळे मऊ येणारा. स्टुलावर उभ्या माणसाने एका अंगाहून दुसऱ्या अंगावर भार टाकला की येणारा.

पितांबर उठला. भीतीपेक्षा घाई जास्त होती. स्टूल डुगडुगत होते.

तो उंबऱ्याशी आला. त्याने वर पाहिले नाही. खाली मान घालून, फरशीकडे बघत तो स्टुलापर्यंत गेला, खाली बसला आणि दोन्ही हातांनी स्टूल धरले.

स्टूल भरलेले होते.

रिकामे लाकूड आणि वर माणूस असलेले लाकूड यातला फरक हाताला लगेच कळतो. इतकी वर्षे धरलेल्या हाताला तर जास्तच. भार डावीकडे थोडा जास्त होता. लताबाईचा उजवा गुडघा दुखायचा.

वरून एक थेंब त्याच्या मनगटावर पडला. थंड. रिठ्याचा वास आला.

मग वर सगळे थांबले. कोणीतरी वाट बघत होते.

पितांबरने एक हात सोडला, परातीतला एक लोलक उचलला आणि न बघता वर धरला.

कोणी घेतला नाही. हात तसाच राहिला.

त्याने तो परत ठेवला. दुसरा उचलला.

बोटांतले वजन गेले. कशाचा स्पर्श झाला नाही. नुसते वजन गेले आणि वर तार खटकन बसल्याचा बारीक आवाज आला.

त्याने मोकळा हात लगेच स्टुलावर परत ठेवला. स्टूल हलायला नको होते.

त्यानंतरच्या दुपारी पितांबरच्या चांगल्या गेल्या. तो सकाळी दाढी करू लागला. भाजी आणू लागला. "भाऊ, आते बरं दिसस तुमनं," भिकुबाई म्हणाली. जेवून झाले की तो परातीत रिठ्याचे पाणी करून ठेवायचा, धडप्याची घडी करून ठेवायचा आणि मधल्या खोलीत जाऊन पडायचा. टक झाले की उठायचा. कधी काही सांगायचाही. जीवरामच्या मालाला दिल्लीचा व्यापारी मिळाला. नळाची गळती काढली, आज काढली. वरून उत्तर येत नसे. थोडे लोलक लागले की स्टूल एकदम हलके व्हायचे, आणि मग तो वर बघायचा. सरळ ओळी. रिकामी खोली.

एका दुपारी लोलक उचलायला हात घातला आणि बोटांना परातीचा तळ लागला.

त्याने मान वळवून पाहिले. पाण्यात एकच लोलक होता.

हा लागला की काम संपणार होते. काम संपले की ती उतरणार होती. दरवर्षी काम संपल्यावर ती कॉटवर बसायची आणि दोन दिवस उठ म्हणू नका म्हणायची. या वेळी कुठे बसणार आणि किती दिवसांसाठी, हे कोणी सांगायला नको होते.

वर वाट बघणे चालू होते.

पितांबरने लोलक उचलला, सदऱ्याला पुसला आणि वरच्या खिशात टाकला.

"उद्या देतो," तो म्हणाला.

तो तसाच स्टूल धरून बसला. स्टूल हलके होईना. कुल्फीवाला येऊन गेला. समोरच्या भिंतीवर रंगांचे ठिपके आले, सरकले, गेले. त्याच्या हातांना मुंग्या आल्या. अंधार पडायला लागला तेव्हा त्याने हात काढून घेतले. स्टूल डुगडुगले नाही.

सकाळी त्याने ते बाजूला सरकवायचा प्रयत्न केला. ते हलले नाही.

उन्हाळ्यात बेबाबाई त्याला रावेरला न्यायला आली. "अठी एकटं राहून काय करता भाऊ? चाला. आमच्या हातचं दोन घास खा." आल्या आल्या तिने घर झाडायला घेतले. पुढच्या खोलीत ती स्टुलाशी अडली. एका हाताने ढकलून बघितले. मग केरसुणी टाकून दोन्ही हातांनी.

"हे स्टूल गाडलं हाये का काय?"

"राहू द्या ते."

"अन् ही चिंधी कशी ओली? एवढ्या उन्हात?" ती खाली वाकली होती. मे महिना होता, वीज नव्हती, बाहेर रस्त्याचे डांबर मऊ झाले होते. पायाच्या चिंधीतून फरशीवर पाणी उतरत होते. बेबाबाई कमरेवर हात ठेवून उभी राहिली आणि वर बघू लागली. "डाव्या दिव्याचा एक लोलक कमी दिसतो. पडला?"

"नाही. आहे माझ्याकडं."

"मंग लावून टाका ना. कावळ्याले सांगितलं व्हतं ना तुम्ही? मी ऐकलं तवा."

"लावतो. उद्या."

डाव्या दिवालगिरीचे लोलक हलले. पंखा बंद होता. उजवीकडचे स्थिर होते. डावीकडचे एकदाच किणकिणले आणि थांबले, कोणी थकून वेलीचा आधार घ्यावा तसे.

बेबाबाईने स्टुलाकडे पाहिले. त्याच्या रिकाम्या फळीकडे. मग ती हळूच मागे सरकली आणि डोक्यावरचा पदर नीट केला, घरातल्या मोठ्या बाईसमोर करतात तसा.

"भाऊ," ती म्हणाली. "बाईचे पाय सुजत असतील."

ती सकाळच्या गाडीने एकटीच परत गेली.

पितांबर अजून देवपुरातच राहतो. दुपारी जेवण झाले की तो स्टुलाजवळ खाली बसतो आणि दोन्ही हातांनी ते धरतो. आता धरायची गरज नसते. परातीतले पाणी तो रोज बदलतो. लोलक सदऱ्याच्या वरच्या खिशात असतो. अलीकडे दुपारी जरा डोळा लागला की जागा होताना खिसा ओला असतो आणि खिशाचे बटण काढलेले असते. लोलक मात्र आत असतो. न देता घ्यायची तिला कधी सवय नव्हती.

तो बटण लावतो. उद्या देतो, म्हणतो.

एक लोलक लावायचा राहिला आहे.